सिकलसेलचं प्रमाणपत्र, बुधवारचा बोर्ड आणि तहसीलचे चक्कर

माझ्या खात्यात दिव्यांग म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दर महिन्याला जमा होऊन राहिले हे कळल्यापासून आमच्या गावातले आणि आजूबाजूच्या गावातले, ज्यांच्या ज्यांच्या घरी सिकलसेलचं कोणी आहे ते सगळे मला विचारतात, ताई कसं केलं, कुठून केलं, कोणाला किती दिले. कोणाला काहीच नाही दिले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच बसून लिहून टाकते. लांब होईल. ज्याला घाई आहे त्यानं कागदांच्या फाईलचं काय लिहिलंय तेवढं वाचलं तरी चालेल.

आधी माझं. सिकलसेल हा आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार, आणि माझा पॅटर्न एसएस आहे, मला पूर्ण आजार आहे. म्हणजे आई पण वाहक, बाबा पण वाहक, लग्नाच्या वेळी दोघांनाही पत्ता नव्हता, आणि दोघांकडचा नेमका तोच जीन माझ्यात आला. माझा लहान भाऊ एएस, म्हणजे नुसता वाहक, त्याला काही होत नाही, तो धानाची पोती उचलून ट्रॅक्टरमधे टाकतो. एसएसवाल्यांच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नळ्यांमधे अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि मग दुखणं सुरू होतं. डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. दाराच्या फटीत बोट चेंगरतं ना तसं, फक्त ते बोटात नाही, मांडीच्या हाडात असतं आणि दार कोणी उघडत नाही. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, जास्त मेहनत, कशानंही येतं. बारावीच्या सुट्टीत मी मैत्रिणींसोबत रोवणीला गेली होती, दिवसभर चिखलात वाकून, वरून पाऊस, आणि रात्री जे सुरू झालं ते आरएचमधे (ग्रामीण रुग्णालयात) सलाईन आणि नंतर जिल्ह्याला नेऊन रक्त चढवण्यापर्यंत गेलं. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते पण असंच, पेपरच्या वेळी भरती.

आणि मधल्या दिवसांत मी एकदम ठीक दिसते. डोळे थोडे पिवळे असतात तेवढंच, ते पण ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतात. सगळी गोम इथेच आहे. ज्या दिवशी दुखते त्या दिवशी मी कोणत्याच ऑफिसमधे जाऊ शकत नाही, आणि ज्या दिवशी जाऊ शकते त्या दिवशी मला पाहून कोणी म्हणत नाही की हिला काही आहे. म्हणून तुमच्या जागी तुमचे कागद बोलले पाहिजेत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२०२३ च्या जुलैत केंद्राचं ते सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, मध्यप्रदेशात शहडोलला पंतप्रधानांच्या हातून, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आणि ४० वर्षांच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं आहे ते. त्यानंतर आमच्याकडे तपासणीचा जोर वाढला, आशाताई घरोघरी फिरायला लागली. आमच्या घरी तपासायचं काही उरलंच नव्हतं पण ती दमली म्हणून बसली आणि चहा पिता पिता म्हणाली, तुझं यूडीआयडी काढलं का नाही अजून? मी म्हटलं ते तं अपंगाचं सरकारी कार्ड असते ना. ती म्हणाली सिकलसेल पण हाये त्यात, आरोग्य केंद्राच्या मीटिंगमधे सांगितलं आम्हाले.

नंतर पाहिलं तर खरंच आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ च प्रकार होते, २०१६ च्या नवीन दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले, आणि त्यात रक्ताचे तीन आहेत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. कायदा लागू झाला एप्रिल २०१७ ला. म्हणजे इतकी वर्षं माझं नाव त्या यादीत बसत होतं आणि मी दर महिन्याला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात जात होती, तिथल्या भिंतीवर सिकलसेलचं मोठं पोस्टर आहे, पण त्या पोस्टरवर लग्नाआधी तपासणी करा एवढंच लिहून आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, वाहकाला म्हणजे एएसवाल्याला हे दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. खूप जण एएसचा रिपोर्ट घेऊन लाईनमधे उभे राहतात आणि परत येतात.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता.

"सर्टिफिकेट काढशील तं साऱ्या गावाले माहीत होईल."

"गावाले माहीत नाही असं काय आहे आई?"

"गावाले माहीत असणं वेगळं अन् सरकारी शिक्का बसणं वेगळं. उद्या पाहुणे आले तं काय दाखवू, कार्ड?"

मी म्हटलं हो, कार्डच दाखव, म्हणजे समोरचा पण आपला रिपोर्ट दाखवेल. तशी ती गप्प बसली पण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं पण चूक नाही. आमच्याकडे मुलीला सिकलसेल आहे हे लपवून लग्न लावलेली घरं मला माहीत आहेत आणि पुढे काय झालं ते पण माहीत आहे. बाबा काही बोलले नाहीत, ते सेतूवाल्याला फोन लावायला गेले.

अर्ज ऑनलाईनच असतो, स्वावलंबन कार्डच्या, म्हणजे त्याच यूडीआयडीच्या, सरकारी साईटवर. मोबाईलवरून पण होतो पण फोटो आणि सहीची साईज अडून बसते म्हणून मी सेतूतून भरला. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. पुढे अपंगत्वाचा प्रकार निवडायचा असतो. तिथे सेतूवाल्या भाऊनं सवयीनं अस्थिव्यंग निवडून टाकलं होतं, मी मागे उभी होती म्हणून दिसलं, म्हटलं भाऊ खाली जा, सिकलसेल वेगळं आहे. तो म्हणाला आजपर्यंत कोणी भरलंच नाही हे. मग तपासणी कुठे करायची ते हॉस्पिटल निवडायचं. नावाचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच पाहिजे, पुढे बँकेपर्यंत तेच चालत राहतं. मेसेजवर नंबर येतो, त्याची प्रिंट काढून ठेवायची.

आता फाईल. बोर्डात, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, गेल्यावर डॉक्टर तुम्हाला पाच मिनिटं पाहतो आणि फाईल दहा मिनिटं. सगळ्यात पहिले पॅटर्नचा रिपोर्ट. आपल्याकडे गावात जी तपासणी होते ती सोल्युबिलिटी, त्यात फक्त सिकल आहे का नाही एवढंच कळतं, वाहक का रोगी ते नाही कळत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. माझं लहानपणी झालेलं इलेक्ट्रोफोरेसिसचं कागद होतं पण घडीवर घडी पडून मधली ओळ, नेमकी पॅटर्नची, उडून गेली होती. मग नवीन एचपीएलसी करून घेतलं, सरकारीत फुकट होतं, रिपोर्टला वेळ लागतो तेवढा. दुसरं म्हणजे भरती झाल्याचे सगळे कागद. डिस्चार्ज कार्ड. आमच्याकडे सुट्टी झाली की लोक इतके खुश होतात की कागद तिथेच गादीवर सोडून येतात. आईनं मात्र माझे बरेच कागद तांदळाच्या कोठीमागच्या पिशवीत ठेवलेले निघाले, तिला वाचता येत नाही पण शिक्का आहे म्हणजे फेकायचं नाही एवढं तिचं ठरलेलं. त्या पिशवीनं माझं अर्धं काम केलं. जे नव्हते त्यासाठी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधे अर्ज दिला, तारखा अंदाजे सांगितल्या, काही मिळाले काही नाही. तिसरं रक्त चढवल्याचा हिशोब, कोणत्या तारखेला किती बॅग, ब्लड बँकेच्या पावत्या असतील तर उत्तम. सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) जुने-नवे रिपोर्ट, सोनोग्राफी झाली असेल तर ती, आणि ज्याला खुब्याचा, छातीचा, डोळ्याचा त्रास आहे त्याचा एक्सरे किंवा एमआरआय. तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली नवं वर. मी सगळ्यात वर एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, वर्ष, महिना, कुठे भरती, रक्त किती. बोर्डातल्या मॅडमनं तोच कागद सगळ्यात जास्त वेळ पाहिला.

बोर्ड आमच्या जिल्ह्यात बुधवारी बसतो. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो, बाबा आणि मी. पोचलो तर आमच्या आधी शंभरएक लोक. कोणी कुबड्यांवर, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, एक बाई तरण्या मुलाला कडेवर घेऊन उभी, त्याचे पाय जमिनीला लागून राहिले होते. आणि त्यात मी, पायात चप्पल, हातात फाईल, दोन्ही पायांवर सरळ उभी. लोक बाबांकडे पाहून त्यांनाच जागा करून देत होते, त्यांना वाटलं पेशंट तेच आहेत.

खिडकीवरचा माणूस चिठ्ठ्या वाटून राहिला होता. हाडाचे एक नंबर, डोळ्याचे तीन, कानाचे वरच्या मजल्यावर.

"काय झालं ताई तुम्हाले?"

"सिकलसेल."

"तो तं आजार झाला. अपंग कोन हाये?"

"मीच. सिकलसेल आहे त्यात, एकवीसमधे."

त्यानं बाजूच्याला विचारलं, बाजूच्यानं आत जाऊन विचारलं, मागची लाईन ओरडायला लागली. शेवटी चिठ्ठीवर मेडिसिन लिहून दिलं. मेडिसिनच्या खोलीबाहेर गेली तर तिथे बोर्डाचं कोणीच नाही, तिथे नेहमीची ओपीडी चालू, खोकलेवाले तापवाले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या एक नंबरला जा. एक नंबरवाल्यानं म्हटलं मेडिसिन. या दोन खोल्यांच्या मधे एक लांब व्हरांडा आहे, त्याच्या मधोमध पाण्याची टाकी. मी टाकीजवळ थांबून पाणी पीत राहिली कारण मला पाणी कमी पडलं की पुढचं सगळं माहीत आहे, आणि बाबा इकडून तिकडे विचारत फिरत राहिले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात माझी चिठ्ठी. त्यांना पाहून मला जेवढं रडायला आलं तेवढं सुईनं पण येत नाही.

दुपारनंतर नंबर लागला. हाडाच्या डॉक्टरांनी चालून दाखव म्हटलं, मी चालली. बसून दाखव, बसली. मांडी घालून बस म्हटलं तिथे डावा खुबा अडकला. दुखते का? हो. किती दिवसापासून? मी म्हटलं दोन-तीन वर्षं झाली, पण मला वाटलं क्रायसिसचंच असेल. त्यांनी एक्सरे लिहून दिला. मग मेडिसिनच्या मॅडम आल्या, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि त्यांनी जे विचारलं ते बरोबर होतं, वर्षात भरती किती वेळा, रक्त किती, घरी किती वेळा दुखणं काढते, छातीत कधी दुखलं का. त्यांना आजार माहीत होता. पण म्हणाल्या, आमच्याकडे रक्ताचा स्पेशालिस्ट नाही, मेडिकल कॉलेजमधून ओपिनियन आण. साईटवर स्टेटस पाहिलं तर प्रलंबित. ते प्रलंबित मग कितीतरी दिवस तसंच राहिलं, सेतूवाला भाऊ मला पाहिलं की आपणहून मान हलवायचा.

(माझ्या वेळी नियमात एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं होतं. ऑक्टोबर २०२४ मधे नियम बदलले, आता तीन महिने केलेत, आणि दोन वर्षांत काहीच निर्णय नाही झाला तर अर्ज बंद पडतो, पुन्हा भरावा लागतो. म्हणून प्रलंबित दिसलं की स्वस्थ बसू नका, जाऊन विचारा.)

मेडिकल कॉलेजला जाणं म्हणजे एक रात्र कोणाकडे तरी काढणं आलं. मावशीकडे राहिलो. तिथे मात्र काम सरळ झालं, खुब्याचा एमआरआय झाला आणि कळलं की खुब्याच्या गोळ्याला रक्तपुरवठा कमी होऊन तो खराब व्हायला लागलाय. सिकलसेलमधे हे होतं, खूप जणांना होतं. मला दोन वर्षं वाटत होतं की मी उगाच नाटक करते, खाली बसायला नको म्हणून. घरचे पण हसायचे, ही सोफ्यावाली झाली म्हणून. रिपोर्ट वाचून कोणी हसलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की वाईट बातमी ऐकून मला बरं वाटलं, आता कागदावर आलं म्हणून, आणि मग बसमधे परत येताना त्याचंच वाईट वाटत राहिलं.

बोर्ड सिकलसेलचे आणि खुब्याचे टक्के वेगळे काढतो आणि मग जोडतो, पण सरळ बेरीज नसते, त्याचा एक फॉर्म्युला आहे, त्यामुळे तीस आणि तीस साठ होत नाहीत. मला पन्नासच्या वर मिळाले. योजनेसाठी मुद्दा ४० चा आहे, ४० च्या खाली पांढरं कार्ड, त्याच्यावर बहुतेक काही मिळत नाही, ४० पासून पुढे पिवळं आणि ८० पासून निळं. माझं पिवळं आलं, पोस्टानं, १८ अक्षरा-आकड्यांचा नंबर असलेलं. साईटवरून पण डाउनलोड होतं, पोस्टाची वाट पाहायची गरज नाही. प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी दिलंय. बाबा विचारत होते पाच वर्षांनी काय तुझं रक्त बदलणार आहे का. रक्त नाही बदलणार, टक्के बदलू शकतात असं बोर्डाचं म्हणणं, ते पण ठीक आहे, पण मग पुन्हा तोच व्हरांडा.

बोर्डाच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक जण उभा असतो, हे पण सांगून ठेवते. तो हळूच विचारतो टक्के किती पाहिजे. मी काही बोलली नाही, बाबांनी हात जोडले. २०२४ मधे त्या मोठ्या अधिकारी बाईंचं प्रकरण टीव्हीवर गाजलं, प्रमाणपत्र खरं का खोटं म्हणून, तेव्हापासून आमच्याकडे तपासणी एकदम कडक झाली, जुनी प्रमाणपत्रं परत पाहून राहिले. पाहा ना, जरूर पाहा. पण मोठ्यांच्या खोट्याचा हिशोब द्यायला लाईनमधे उभं कोण राहतं, ज्याला धड उभं राहता येत नाही तोच.

अजून एक, नोकरीच्या आशेनं जे काढून राहिले त्यांच्यासाठी. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. डोळे, कान, हाडं, ऑटिझम, मानसिक असं सगळं आहे, सिकलसेल नाही. शिक्षणातल्या ५ टक्क्यांत आहे, नोकरीतल्या ४ मधे नाही. मला वाटतं ज्यांनी हे ठरवलं त्यांनी कधी सिकलसेलवाल्याला महिनाभर नोकरी करताना पाहिलं नसावं. मी कॉम्प्युटर क्लासमधे शिकवायची, महिन्यात चार-पाच खाडे व्हायचे, सर चांगले होते तरी शेवटी त्यांनी दुसरी ठेवली.

आता पैशाचं, म्हणजे संजय गांधी निराधार. प्रमाणपत्र आलं ते २०२४ च्या मे मधे, लोकसभेची आचारसंहिता चालू होती, ती उठल्यावर तहसीलला फॉर्म दिला. कागद: दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा रहिवासी दाखला, बँक पासबुक, फोटो, आणि उत्पन्नाचा दाखला. बाकी सगळं सोपं, दाखला अवघड. या योजनेत बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं आणि दिव्यांगांना ५० हजारांच्या आत. पन्नास हजार म्हणजे महिन्याचे चार हजार एकशे काहीतरी, पूर्ण घराचे. आमची दोन एकर धानाची शेती आणि बाबांची मजुरी. ज्या वर्षी धान बरं झालं त्या वर्षी आम्ही निराधार नाही आणि ज्या वर्षी तुडतुडा किडा लागला त्या वर्षी निराधार. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, दारावरची पाटी बदललीय, उत्पन्न मोजायचा तक्ता तोच आहे) आधी मागच्या वर्षीचाच आकडा टाकून मोकळे झाले, तो पन्नासच्या थोडा वर जात होता. बाबांनी सातबारा, धान विकल्याच्या पावत्या आणि माझ्या दवाखान्याचे कागद असं सगळं समोर ठेवलं. खर्च कोणी मोजत नाही म्हणे, उत्पन्नच मोजतात. शेवटी पावत्यांप्रमाणे जो खरा आकडा आला तो बसला.

नेमकं त्याच दिवसांत लाडकी बहीण सुरू झाली. जुलै २०२४. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, फॉर्म अंगणवाडीत भरला, कोणी चालून दाखव म्हटलं नाही, मांडी घाल म्हटलं नाही, आणि रक्षाबंधनाच्या आधी खात्यात पैसे. दीड हजारच. संजय गांधीचे पण दीड हजारच होते तेव्हा. शेजारच्या काकू म्हणाल्या, काहून जीव काढून राहिली, हे घे ना गुपचूप. आणि दोन्ही मिळत नाहीत, दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बंद होते. मला पण एक मन म्हणत होतं सोड. पण लाडकी बहीण किती दिवस राहील कोणाला माहीत, संजय गांधी १९८० पासून चालू आहे. आणि खरं सांगू तर एवढ्या चकरांनंतर मला ते दिव्यांग म्हणूनच पाहिजे होतं, बहीण म्हणून नाही.

फॉर्म मंजूर करते तालुक्याची समिती, तिची मीटिंग झाली पाहिजे. कधी साहेब ट्रेनिंगला, कधी कोरम नाही, मग विधानसभा लागली, पुन्हा आचारसंहिता. तहसीलमधल्या ज्या मॅडमकडे हा टेबल आहे त्या वाईट नव्हत्या, दर वेळी रजिस्टर उघडून माझं नाव दाखवायच्या, हे पाहा, आहे तुमचं नाव, मीटिंग झाली की होते. २०२५ मधे झाली. मंजुरीचं पत्र हातात आलं आणि पैसे तरी येईनात, कारण आता पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट आधार जोडलेल्या खात्यात, येतात आणि माझं आधार ज्या खात्याला जोडलेलं होतं ते खातं कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या वेळचं, बंद पडलेलं. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधारची खात्याशी जोडणी, बदलून घेतलं. पासबुकावर आधार नंबर लिहून आहे म्हणजे जोडलेलं आहे असं नसतं, डीबीटीसाठी कोणतं खातं चालू आहे ते बँकेत विचारा. पहिला हप्ता आला तेव्हा लाडकी बहीण थांबली, म्हणजे घरात तेवढेच दीड हजार, फक्त वेगळ्या नावानं. काकूंना हसायला कारण मिळालं.

मग ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे दीडचे अडीच हजार झाले. काकू आता हसत नाहीत, त्यांच्या बहिणीच्या मुलाचं विचारतात. संजय गांधीत सिकलसेलवाल्यांना नुसतं आजार म्हणून पण घेतात, पण ही वाढ दिव्यांगांसाठी आहे, म्हणून कार्ड काढून त्याच नोंदीत जा. केंद्राची जी अपंग पेन्शन आहे तिला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषा लागते, ते आपल्यापैकी फार थोड्यांना बसतं.

अडीच हजारात काय होतं? माझा महिन्याचा दवाखान्याला जायचा खर्च निघतो, औषध फुकट मिळतं पण तिथपर्यंत पोचणं फुकट नसतं, सोबत एक माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. उरलेल्यात मी एक जाड ब्लँकेट घेतलं आणि गरम पाण्याची पिशवी. आईला पाचशे देते, ती म्हणते नको आणि घेते.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते पण विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी अर्ज दिला तर म्हणाले यादीत तुमचं नावच नाही. आता टाकलंय. आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, नाही दिला तर हप्ता थांबतो, तेव्हा ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

काकूंच्या बहिणीच्या मुलाची फाईल सध्या माझ्याकडेच आहे. अकरा वर्षांचा आहे, एसएस, प्लीहा वाढलेली. डिस्चार्ज कार्डं बरीच निघाली, रक्ताच्या पावत्या पण आहेत, पण एचपीएलसी झालंच नाही, नुसती सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह एवढीच चिठ्ठी. सोमवारी त्याला घेऊन जायचं आहे. तो रिपोर्ट आला की मग अर्ज, आणि या वेळी प्रकार मीच निवडणार.